मोठ्या आईचं बेट

माझ्या मुलीचा एक देश आहे. चारी बाजूंनी समुद्र, मधोमध डोंगर, दक्षिणेला बंदर. साखर कारखान्याच्या जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर तो पेन्सिलीनं काढलेला आहे आणि आमच्या गावच्या घरात, सोप्याच्या भिंतीवर दोन खिळ्यांना अडकवलेला आहे. त्याला नाव आहे, पण ते मला माहीत नाही. ते फक्त नागरिकांना सांगतात. नागरिक दोन. एक माझी मुलगी, आणि दुसरी तिची मोठी आई, म्हणजे माझी थोरली जाऊ.

आधीच कबूल करते, मी या बेटावर जळत होते. नकाशात एवढंसं दिसणारं ते बेट रोज माझ्या डोळ्यांत खुपत होतं. सातवीतल्या मुलीच्या खेळावर शिकलेल्या बाईनं जळावं हे शोभत नाही, हे मलाही कळत होतं. कळून काही फरक पडत नव्हता.

मी अर्थशास्त्र शिकवते. कोरेगावात बरीच वर्षं तासिका तत्त्वावर काढली, म्हणजे जेवढे तास तेवढा पगार आणि उन्हाळ्यात घरी. मग दोन वर्षांपूर्वी कायम जागा मिळाली ती विट्याच्या एका ज्युनियर कॉलेजात. घरात बोलणं झालं. मुलीची शाळा चांगली चाललीय, विट्यात मी एका खोलीत राहणार, मुलीला तिथं कोण बघणार? गावाकडं नवरा आहे, दीर आहेत, आक्का आहेत. जावेला मी आक्का म्हणते. तेव्हा मुलगी गावात राहिली आणि मी शनिवारी येऊन रविवारी जाणारी झाले.

विट्यात माझी खोली ज्या गल्लीत आहे तिथली निम्मी घरं कुलूपबंद असतात. घरची माणसं सोनं गाळायच्या धंद्यात कुठं कुठं लांबच्या शहरांत दुकानं टाकून आहेत. माझ्या घरमालकिणीचा नवरा दिवाळीला येतो आणि यात्रेला येतो. त्या गल्लीत घरापासून लांब राहण्याचं कुणाला काही वाटत नाही, म्हणून मलाही वाटू नये असं मी ठरवून टाकलं होतं. दर शनिवारी कॉलेज सुटलं की रहिमतपूरवरून जाणारी एसटी पकडायची. गावाच्या फाट्यावर उतरलं की लिंबाखाली दोघी उभ्या असायच्या. मुलगी पळत येऊन आधी माझी पिशवी घ्यायची आणि मग मला बिलगायची. पिशवी आधी, हे मी लक्षात ठेवलेलं आहे.

बेटाचं सुरू झालं ते शाळेतून. भूगोलाच्या बाईंनी सांगितलं, प्रत्येकानं एक काल्पनिक बेट काढा, तिथं काय पिकतं, लोक काय करतात, व्यापार कसा चालतो ते लिहा. आता बघा, घरात आई अर्थशास्त्राची. पोरीनं फोन उचलून मला विचारायचं की नाही? मी तर असल्या प्रश्नाची वाटच बघत जगते. पण मला कळलं ते शनिवारी, तेही सगळं झाल्यावर. तोवर बेटाचा डोंगर उभा राहिला होता, वस्ती झाली होती आणि नदीला उतारही दिला होता.

"कुणी मदत केली?" मी विचारलं.

"मोठ्या आईनं."

आक्का सातवीपर्यंत शिकल्यात. त्यांनी समुद्र एकदाच पाहिलाय, गणपतीपुळ्याला, तोही चप्पल हातात धरून. आणि आमच्याकडं थोरल्या चुलतीला मोठी आई म्हणायची पद्धत आहे, त्यात कुणाचा काही दोष नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला तो शब्द टोचला. ती मोठी आई, तर मग मी कोण?

पहिल्या आठवड्यात त्या दोघींनी सगळ्या बेटावर ऊस लावला होता. साहजिकच आहे. आमच्या भागात कोणाही पोराला रान दाखवा, ते ऊसच लावणार. मी हसू दाबून म्हटलं, आता यांना कळेल. पण चूक आक्कांनीच काढली, मला संधीच दिली नाही. सोप्यात घेवडा निवडत बसल्या होत्या. नकाशाकडं बघत म्हणाल्या, "पोरी, आपलं लय चुकलं बघ. ऊस लावला खरा, पर तोडायला टोळी कुठनं आणायची? समुद्रातनं? आन् कारखान्याचा ट्रॅक्टर काय पवत येनार हाय?"

मुलगी खो-खो हसली. ऊस खोडरबरानं पुसला गेला. त्या जागी घेवडा आला, आलं आलं, किनाऱ्यानं नारळ आले. मी मात्र शेजारी बसून राहिले. मागणी, पुरवठा, वाहतूक खर्च, सगळं तोंडाशी येऊन परत गेलं.

आणखी एक सांगते, म्हणजे माझं पोट किती दुखत होतं ते कळेल. मुलगी माझ्याशी बोलते ते पुस्तकातल्यासारखं, स्वच्छ. "आई, मी अभ्यास केला आहे." आणि आक्कांशी? "मोठी आई, आगं हिकडं बघ की!" ती स्वच्छ भाषा मीच शिकवली होती, हट्टानं, कारण पुढं अडू नये. आता ती माझ्याशी पाहुण्यासारखी बोलायची आणि आक्कांशी घरच्यासारखी.

बेटावर पैसा नव्हता. शाळेचा प्रकल्प देऊन झाला, बाईंनी शाबासकी दिली, तरी यांचं बेट थांबेना, आणि मग प्रश्न आला की लोक एकमेकांकडून वस्तू घेणार कशा. तिथं आक्कांनी पैरा आणला. पैरा म्हणजे आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. आमच्याकडं आल्याची लावण, घेवड्याची काढणी अजून कितीतरी घरं अशीच उरकतात. तर बेटाचं चलन म्हणजे दिवस. कुणी कुणाच्या दारात किती दिवस राबलं, एवढाच हिशेब.

मी परीक्षकासारखी पुढं सरसावले. "बरं, मला सांगा, एखाद्याला कौलं शाकारून हवीत, पण कौलं शाकारणाऱ्याला त्याच्याकडून काहीच नको असेल तर?"

"मग त्यो दुसऱ्याच्यात जाईल की. दिस काय नासत्यात व्हय?" आक्का म्हणाल्या.

"आणि म्हातारी बाई? तिच्यानं रानात काम होत नाही. ती पैरा कसा फेडणार?"

आक्कांनी हातातल्या घेवड्याचा एक किडका दाणा बाजूला टाकला. "ती समद्यांची पोरं संबाळंल. त्यो बी दिसच हाय. पोरं संबाळून बघ म्हंजे कळंल, रानातल्यापरीस मोठा दिस असतोय त्यो."

त्यांनी ते मला उद्देशून म्हटलं नव्हतं. दोन वर्षं माझी मुलगी संभाळणारी बाई ते सहज म्हणून गेली आणि पुढचा दाणा उचलला. मला मात्र कानफटात बसल्यासारखं झालं. शिवाय उत्तर चांगलं होतं, ही दुसरी पंचाईत. इतकं चांगलं, की पुढच्या आठवड्यात बिनपगारी घरकाम राष्ट्रीय उत्पन्नात का धरत नाहीत हे शिकवताना मी बारावीच्या वर्गाला त्या बेटाचं उदाहरण दिलं. वर्ग खूश. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हटलं, "मीच तयार केलंय." असं मी म्हटलं. पन्नाशीकडं झुकलेली बाई, जावेची वस्तू उचलून आपल्या नावावर खपवत होती.

रोज संध्याकाळी सातला मी फोन करायची. पूर्वी ती शाळेतलं सगळं सांगायची, डब्यात काय होतं इथपर्यंत. आता, "आई, ठेवू का? बेटावर आज बैठक आहे." बैठक म्हणजे आक्कांच्या भाकरी थापून होईपर्यंत चुलीपुढं बसून गप्पा. मला मागून भाकरीची थाप ऐकू यायची. मी फोन ठेवून खोलीतल्या गॅसवर एकटीपुरती खिचडी टाकायची, आणि माझा नुसता तिळपापड व्हायचा. कुणावर चिडायचं तेही धड ठरत नव्हतं.

मग एका रविवारी मला बोट ठेवायला जागा सापडली.

नकाशाच्या दक्षिणेला बंदर होतं आणि बंदरात एक जहाज. बेटाच्या वहीत मुलीनं लिहून ठेवलं होतं की हे जहाज आठवड्यातून एकदा येतं. येताना आणतं ते असं: वह्या, केसांच्या क्लिपा, खारी, तापाच्या गोळ्या, प्रश्न. जाताना नेतं ते असं: शेंगदाण्याची चटणी, भाकरी, घेवडा, दही, धुतलेले कपडे.

आज ती यादी आठवली की वाटतं, आंधळीला सुद्धा दिसलं असतं. मला दिसलं ते एवढंच, की इथं हे बेट कच्चं आहे आणि इथं माझी पदवी कामाला येते. मी लाल पेन काढलं. खरोखरच काढलं, पर्समध्ये असतंच.

"हे बघ," मी मुलीला म्हटलं, "तुमचं बाकी सगळं ठीक आहे. पण इथं धोका आहे. आठवड्यातून एक जहाज, आणि सगळं बेट त्याच्यावर अवलंबून. उद्या वादळ आलं, जहाज आलंच नाही, तर? आणि व्यापार तरी कसला! तुम्ही घरची चांगली चटणी देता आणि बदल्यात बेकरीची खारी घेता. हा तोट्याचा व्यवहार आहे. एका जहाजाची वाट बघत बसणारं बेट नेहमी कमकुवत राहतं. जे बाहेरून येतं ते इथंच तयार करायला शिका. स्वावलंबी व्हा."

मुलगी ऐकत होती. डोळे मोठे करून, एकेक शब्द टिपून घेत होती. कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडं अशी बघत होती आणि मी आणखी आणखी बोलत गेले. छोट्या देशांची उदाहरणं दिली, आयातीला पर्याय म्हणजे काय ते सांगितलं. वर्गात सुद्धा मी इतकी चांगली कधी शिकवत नाही.

आक्का उंबऱ्यात बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "जहाज आसू दे की गं. जहाज आलं म्हंजे मान्सं बंदरावर जमत्यात. तेवढंच बरं वाटतं."

"आक्का, बरं वाटण्यावर देश चालत नाही," मी म्हटलं.

त्या उठून भात टाकायला आत गेल्या. मुलगी त्यांच्या मागोमाग गेली नाही, माझ्यापाशीच बसून राहिली, आणि मला इतका आनंद झाला की सांगायला लाज वाटते. जिंकले, असंच वाटलं. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी खिडकीपाशी बसून चक्क गुणगुणत होते.

त्या आठवड्यात फोन आणखी आखूड झाले. बुधवारी तर तिनं उचललाच नाही, नवऱ्यानं उचलला. म्हणाला, अभ्यास करतेय. मी मनात म्हटलं, चला, स्वावलंबनाचा परिणाम दिसतोय.

शनिवारी फाट्यावर उतरले. लिंबाखाली कुणी नव्हतं. मी थोडा वेळ थांबले, वाटलं येत असतील. मग पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत चालत घरी आले. पिशवीत खारीचा पुडा होता, नेहमीचा.

मुलगी सोप्यात होती, नकाशापुढं. मला बघून हसली, पण जागची उठली नाही. नकाशात दक्षिणेला बंदर होतं तिथं पांढरा डाग पडलेला. इतक्या वेळा पुसलं होतं की कागदाची तकाकी गेली होती.

"बंदर बंद केलं," ती अभिमानानं म्हणाली. "वह्या आम्ही बेटावर शिवतो. क्लिपा नारळाच्या करवंटीच्या. खारी मोठी आई तव्यावर करून बघणार आहे. प्रश्न आम्ही आमचे आम्हीच विचारतो. आता बेट स्वावलंबी आहे."

"शाबास," मी म्हटलं. "फाट्यावर का नाही आलीस गं?"

तिला माझाच प्रश्न विचित्र वाटला. "जहाज बंद केलं ना, आई. ते जहाज म्हणजे तू होतीस. तू म्हणालीस, वाट बघत बसणारं बेट कमकुवत राहतं. म्हणून मी वाट बघायचं सोडून द्यायचा सराव करतेय. पहिल्या दिवशी जमलं नाही. बुधवारी फोनच्या वेळी जमलं. आज थोडंसं नाही जमलं, पण मी इथंच बसून राहिले."

सगळं स्वच्छ, पुस्तकी मराठीत. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. धडा नीट पाठ केलेल्या मुलीसारखी ती मला उत्तर देत होती आणि मी ‘बरोबर’ म्हणायची वाट बघत होती.

मी पिशवी तशीच ठेवून स्वयंपाकघरात गेले. डोक्यात एकच होतं, हे आक्कांचं काम. मी इथं नसते म्हणून पोरीला माझ्यापासून तोडलं. आक्का भाकरी थापत होत्या. मी विचारलं, आणि माझा सूर काही चांगला नव्हता, "आक्का, जहाज कुणी बंद करायला सांगितलं?"

त्यांनी भाकरी तव्यात टाकली, पाण्याचा हात फिरवला, आणि मग माझ्याकडं वळल्या. आक्का चिडलेल्या मी फार कमी वेळा पाहिल्यात.

"तू सांगितलंस! मी आठवडाभर भांडले तिच्याशी. म्हनलं, जहाज बंद करू नगं, माझं आयक. न्हाई म्हनली. आई म्हनती तसंच करायचं, आईला समदं म्हाईत असतंय. मी रोज रांधावं, केस विंचरावंत, बेट बी संबाळावं, आन् तू शनिवारी येऊन येक वाक्य बोलावं, की माझा सारा आठवडा गेला पान्यात. मला काय वाटत नसंल व्हय गं?"

मला वाटत होतं जळण्याचा मक्ता माझ्याकडंच आहे.

भाकरी फुगली, त्यांनी ती निखाऱ्याला लावली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझं जहाज वरसातनं दोनदा येतंय. सुट्टी मिळाली तर." त्यांचा मुलगा सैन्यात आहे, सरहद्दीवर. "त्याची वाट बघती म्हनून मी काय कमकुवत हाय? आं?"

मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? खाली बसले आणि परातीतलं पीठ माझ्याकडं ओढलं. माझ्या भाकऱ्या नेहमी कडेला फाटतात. त्या दिवशी ती फाटकी भाकरी आक्कांनी तशीच तव्यात टाकली.

रविवारी सकाळी मी मुलीला नकाशासमोर बसवलं आणि म्हटलं, माझं चुकलं. शिक्षकाच्या तोंडून हे सहज निघत नाही, मला दोनदा सुरुवात करावी लागली. म्हटलं, वाट बघितल्यानं बेट कमकुवत होत नाही. बंदर परत काढूया का?

तिनं बराच विचार केला. "मोठ्या आईला विचारावं लागेल. ठराव दोघींचा लागतो."

पुन्हा जळलेच मी. मी म्हटलं, विचार. ती पळत आत गेली, आतून "आगं मोठी आई" ऐकू आलं, मग कुजबुज, मग दोघींचं हसणं. बाहेर येऊन म्हणाली, "मंजूर. पण जहाजानं एक दिवस पैरा करायचा. नुसतं माल आणून चालणार नाही."

दुपारची गाडी सोडून दिली. शेजारच्या घराकडं आमचा घेवडा काढणीचा एक दिवस फिटायचा होता, तो मी फेडला. उन्हात वाकून वाकून कंबर मोडली, आणि माझ्यापुढं दोन सऱ्या आक्का सरळ चालल्या होत्या. संध्याकाळी मुलीनं बंदर काढायला घेतलं. पुसून पुसून कागद तिथं विरला होता. पेन्सिल टेकवली की भोक पडायला बघत होतं. "हळूच काढावं लागेल," ती म्हणाली, आणि जहाज तिनं पूर्वीपेक्षा लहान काढलं. मी बेटाचं नाव विचारलं. तिनं आक्कांकडं पाहिलं, आक्कांनी मान हलवली. एका दिवसाच्या पैऱ्यानं नागरिक होता येत नाही म्हणे.

सोमवारी पहाटे पहिल्या गाडीनं विट्याला परत गेले. पिशवीत चटणीचा डबा आक्कांनी न विचारता घातला होता.

बुधवारी संध्याकाळी सातला मी फोन लावला. पहिली रिंग पुरी वाजली नाही तोच उचलला गेला.

"आई, शनिवारी कितीच्या गाडीनं येणारेस?"

माझी मुलगी पुन्हा वाट बघायला लागली याचा मला आनंद झाला. मुलीनं वाट बघावी म्हणून आनंदणारी आई काय लायकीची, तेही लगेच मनात आलं, तरी आनंद कमी झाला नाही. मी वेळ सांगितली. मागून भाकरीची थाप थांबली आणि आक्कांचा आवाज आला, "लिवून ठेव गं, न्हाईतर इसरशील."

"न्हाई इसरत," मुलगी म्हणाली. ते ती मला म्हणाली की आक्कांना, हे विट्यातल्या त्या खोलीत बसून मला ठरवता येईना.